वयाचा वाटा, उन्हाचा वाटा

लेखमाला : पन्नाशीनंतर – भाग ६

‘हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत,’ असं घरातलं मोठं माणूस ऐकवतं, तेव्हा समोरच्यानं गप्प बसायचं असतं. केसांपुरतं ते बरोबरही आहे. कातडीचं मात्र तसं नाही. गालावरचे वांग, कपाळावरचा काळपटपणा, मानेचा राठपणा यातलं बरंचसं खरोखरच उन्हानं झालेलं असतं आणि आपण ते वयाच्या नावावर खपवतो. मागच्या भागात केस आणि कलप यांबद्दल बोललो. या आठवड्यात त्वचेचा हिशेब मांडू.

पुरावा अंगावरच आहे. खिडकीशी उजेडात उभं राहून बाही वर सारा आणि दंडाची आतली, काखेजवळची बाजू बघा. मग हात पालथा करून मनगटाच्या वरचा भाग बघा. आतली कातडी थोडी सैल आणि पातळ झालेली असेल, बारीक चुण्याही असतील; पण रंग एकसारखा आणि हाताला मऊ. वरची बाजू राठ, ठिपक्याठिपक्यांची. दोन्हींची जन्मतारीख एकच. आतल्या बाजूला दिसतं ते जवळजवळ निव्वळ वय. बाहेरच्या बाजूला त्यावर उन्हाची भर पडलेली आहे.

आधी वयाचा वाटा. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. नव्या गादीतल्या कापसासारखं काम ते करतात : दाबलं की पुन्हा वर येतं. तारुण्याचा पहिला भर ओसरला की हे कोलॅजन दर वर्षी साधारण १ टक्क्यानं घटत जातं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं. पन्नाशीतल्या बाईला लग्नकार्यात भेटणारे ‘काय गं, एकदम उतरलीस?’ म्हणून विचारतात, त्यामागचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. शिवाय तैलग्रंथी मंदावतात, कातडी कोरडी पडते. हा आजार नाही. पूर्णपणे थांबवेल असा त्यावर इलाजही नाही.

आता उन्हाचा वाटा. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्या कामाचे. ‘यूव्हीबी’ कातडी भाजतात. काच त्यांना बऱ्यापैकी अडवते. ‘यूव्हीए’ खोल जाऊन कोलॅजन तोडतात आणि साध्या काचेतून आरपार येतात. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल उजव्या गालापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. बेलापूर-नेरूळहून ऐरोलीच्या कंपन्यांत गाडीनं जाणाऱ्यांनी जरा विचार करावा. ठाणे-बेलापूर रस्ता साधारण दक्षिणोत्तर जातो. सकाळी उत्तरेकडे जाताना सूर्य उजव्या हाताला, संध्याकाळी दक्षिणेकडे परतताना मावळतीचा सूर्यही उजव्याच हाताला. समोरची काच दुपदरी असल्यामुळे ‘यूव्हीए’ बरेच रोखते. बाजूची काच सहसा तेवढं रोखत नाही. एसी चालू आहे म्हणून ऊन लागत नाही, असं फक्त वाटतं.

सावळ्या कातडीला मेलॅनिनचं संरक्षण असतं, म्हणून आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात. त्याची किंमत डागांनी मोजावी लागते : वांग, डोळ्यांभोवतीचा काळपटपणा, ओठांच्या कडेची काळसर रेघ. सुरकुत्या घालवणारी परदेशी क्रीम घेऊन आपण चुकीच्या गोष्टीमागे धावतो. आपलं पहिलं काम ऊन अडवणं.

सनस्क्रीन या कामात खरंच उपयोगी पडतं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी होतं. घेताना ‘एसपीएफ ३०’ किंवा जास्त आणि ‘यूव्हीए’पासून संरक्षण असा उल्लेख पाहून घ्या. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून भागत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. वांग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन चांगलं, कारण डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग गडद करतो.

रोजचं सनस्क्रीन परवडत नसेल तर छत्री, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. स्कूटीवरच्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळून, हातमोजे चढवून निघतात, त्यांना हसणाऱ्या काकांनी त्यांचंच अनुकरण करावं. दिवाळे कोळीवाड्यातल्या किंवा खाडीकाठच्या मिठागरांत राबलेल्या आगरी-कोळी बायकांना असला आडोसा कामाच्या वेळी मिळाला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरच्या रेषा कष्टाच्या आहेत. त्या पुसण्याचा सल्ला त्यांना कुणी देऊ नये. ऊन टाळणं ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

दुसरं काम कोरडेपणाचं. नवी मुंबईच्या दमट हवेत आठ महिने ते जाणवत नाही. डिसेंबर-जानेवारीत पोटऱ्या खाजायला लागल्या की आठवण होते. आंघोळीचा नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरताच ठेवा. पाणी कोमट घ्या आणि अंग टिपून झाल्यावर, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा. खोबरेलाचा उपयोग चाचण्यांतही दिसला आहे. दिवाळीच्या पहाटे वर्षातून एकदा चोपडलेल्या तेलानं मात्र कातडीचं भागत नाही. लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणं तर साफ बंद करा. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजून काळे डाग पडू शकतात.

घसरण होते ती पुढच्या पायरीवर. डाग लवकर जात नाहीत, मग कुणीतरी ‘आठ दिवसांत उजळणारी’ बिनलेबलची डबी हातात देतं. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. त्या वापरत असलेल्या क्रीमची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली, तेव्हा पारा सापडला. त्याच वर्षी खारघरच्या एका खासगी रुग्णालयातही असेच दोन रुग्ण आले : एक शाळकरी वयाची मुलगी आणि एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून शिरून मूत्रपिंडात साठतो. डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती कचऱ्यातही उघडी टाकू नका.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातला. स्टेरॉइड असलेली मलमं पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत करतात. नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम बंद केलं की आग होते. केंद्र सरकारनं २०१८ साली अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरीही ‘शेजारच्या वहिनींना गुण आला’ म्हणून ती मागितली जातातच.

गोरेपणा आणि अकाली वार्धक्य या दोन्ही गोष्टी औषध नियमावलीच्या ‘परिशिष्ट जे’ मध्ये आहेत. म्हणजे यांवर हमखास उपाय असल्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. जाहिरात बघताना एवढं लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील.

डॉक्टरकडे मात्र वेळेवर जावं : महिनाभरात न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, तळपायावर किंवा नखाखाली नव्यानं आलेला काळा पट्टा. मानेवर मखमली काळेपणा आला असेल तर तो घासून निघणार नाही. तो मळ नसतो, अनेकदा मधुमेहाची चाहूल असते. रक्तातली साखर तपासा. गालांवरचे बारीक काळे मस बहुधा निरुपद्रवी असतात, त्यांना दोरा बांधू नका.

महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात कॅरम खेळणाऱ्यांना ‘तुम्ही साठीचे वाटत नाही हो’ ही सर्वांत मोठी शाबासकी वाटते. साठीचं माणूस साठीचं दिसलं तर त्यात कमीपणा कसला? उन्हाचा वाटा रोज सकाळी दोन बोटं सनस्क्रीननं कमी करा. वयाचा वाटा वयाला देऊन टाका, तो त्याचाच आहे.

(पुढच्या आठवड्यात : दात, हिरड्या आणि कवळी)