दिवस कधी भरतात?

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एका तारखेला लाल पेनाने गोल केला होता. ती तारीख आली आणि गेली. मग सकाळी शेजारच्या काकू, दुपारी मावशीचा फोन, संध्याकाळी सासूबाईंचा. प्रश्न एकच, "काही सुरू झालं का गं?" पाचव्या दिवशी मी फोन उचलणं बंद केलं. सहाव्या दिवशी कुणीतरी आईला सांगितलं, तारीख उलटलीय, आता थांबू नका, सिझर करून टाका. बाळ छान हलत होतं, तपासण्या व्यवस्थित होत्या, तरी ती रात्र मी रडून काढली. नवव्या दिवशी कळा सुटल्या.

त्यामुळे आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संस्थांनी तयार केलेल्या, गर्भाचं वय काढायच्या 'गर्भिणी-जीए२' या सूत्राची बातमी मी दोनदा वाचली. काम महत्त्वाचं आहे, त्याकडे येतेच. पण ओळखीतल्या दोघीतिघींनी बातमी वाचून लगेच विचारलं, "म्हणजे आता नेमका दिवस कळणार?" नाही कळणार. पोटातलं बाळ आज किती आठवड्यांचं आहे हा एक प्रश्न, आणि ते बाहेर कधी येईल हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही अचूक मिळालं तरी दुसरं त्यातून मिळत नाही.

तारीख काढायचं गणित तसं दोनशे वर्षं जुनं आहे. हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांनी ते रूढ केलं. त्याला आधार होता त्यांच्याही आधीच्या बोरहावे या डच वैद्याचा. शेवटच्या पाळीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं की शेवटच्या, हे नेगेलेंनी स्वच्छ सांगितलं नाही. पहिला दिवस धरायचं नंतर ठरलं. आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणायच्या. फरक अवघ्या दोन दिवसांचा, आणि आज्यांनी कधी त्या दिवसावर बोट ठेवून सिझरचा आग्रह धरला नाही.

या गणितात प्रत्येक बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं, असं धरलेलं आहे. जिची पाळी पस्तीस दिवसांची, तिचं बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटतं. म्हणजे कागदावर तिची तारीख उलटते तेव्हा बाळाचे दिवस भरलेलेच नसतात. शिवाय पाळीची तारीख आठवायला हवी. आशाताई माता-बाल संरक्षण कार्ड भरायला बसतात तेव्हा समोरून उत्तर येतं, "संकष्टीच्या आदल्या दिवशी आली होती, का त्याच्या मागच्या?" मग कॅलेंडर काढायचं, संकष्टी शोधायची, बोटं मोजायची. पुढचे नऊ महिने सगळे त्या एका आकड्याला धरून चालतात.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी यावर उत्तम उतारा आहे. त्या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं. पुढे कुणी अंगाने भरतं, कुणी बारीक राहतं. शेवटच्या तिमाहीत हाच अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. आपल्याकडे कितीतरी बायका पहिल्यांदा दवाखान्यात पोचतात त्या चौथ्या-पाचव्या महिन्यात. 'गर्भिणी' आहे ती त्यांच्यासाठी. आजवर वापरात असलेलं हॅडलॉकचं सूत्र १९८०च्या दशकात टेक्सासमधल्या मुख्यतः गोऱ्या, मध्यमवर्गीय बायकांच्या मोजमापांवर बेतलेलं होतं. हे नवं सूत्र गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात आलेल्या बायकांच्या मोजमापांतून उभं राहिलं, आणि त्यात चूक जवळपास एक तृतीयांशावर येते, असं संशोधक सांगतात. आपल्या बायकांचे गर्भ आपल्या मापाने मोजायला इतकी वर्षं लागली, याची मला खंत वाटते. झालं, याचा आनंद त्याहून मोठा आहे.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेतल्या ॲन मेरी ज्यूकिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला प्रत्येक सुनेच्या, प्रत्येक सासूच्या हातात द्यावासा वाटतो. त्यातल्या बायकांनी गर्भ राहायच्या आधीपासून रोज सकाळची लघवी जपून ठेवली होती. त्यातल्या संप्रेरकांवरून बीज कुठल्या दिवशी सुटलं ते कळलं. म्हणजे पाळीचा घोळ नाही, आठवणीचा घोळ नाही. अशा १२५ गरोदरपणांत बीज सुटल्यापासून बाळंतपणापर्यंत साधारण २६८ दिवस गेले. पण वेळेआधी झालेली बाळंतपणं वगळूनही सर्वांत लहान आणि सर्वांत लांब गरोदरपणात ३७ दिवसांचं अंतर निघालं. पाच आठवड्यांहून जास्त! गर्भाशयात रुजायला ज्या गर्भांनी जास्त दिवस घेतले, त्यांनी पुढेही जास्त दिवस घेतले. वय जास्त असलेल्या आयांचे दिवसही थोडे लांबले. आंबे एकाच दिवशी अढीत घातले तरी सगळे एका दिवशी पिकत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं. बाळाच्या बाबतीत मात्र आपण गोल करून बसतो. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच असतात.

तारीख निरुपयोगी आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. औषधं, तपासण्या, बाळंतपणाची रजा, सगळं त्यावर ठरतं. एकेचाळीस आठवडे उलटले की डॉक्टर कळा आणण्याचा विचार करतात, तो योग्य कारणासाठी. त्यापुढे बाळाचा धोका खरोखर वाढतो. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर कुठल्याही आठवड्यात, अपरात्रीसुद्धा, तडक दवाखाना गाठायचा. माझं भांडण त्या एकट्या आकड्याशी आहे. कार्डावर एका तारखेऐवजी दोन लिहाव्यात, सदतीस आठवडे पुरे होतात ती आणि एकेचाळीस होतात ती. शाई तेवढीच लागेल.

धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेत. ती बंगळुरूला असते, डॉक्टरांनी तारीख दिलीय १८ एप्रिल. यंदाच्या कालनिर्णयवर मी गोल केला नाही, २८ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती.

"अगं, मग मी तिकीट कधीचं काढू?"

"जायचं २८ मार्चचं काढ," मी म्हटलं. "परतीचं इतक्यात काढू नकोस."