रोपवन जगलंय की नुसतं उभं आहे?

झाडाची वाढ मोजणं सोपं आहे. खोडाला जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर टेप गुंडाळा, आलेल्या घेराला 3.14 ने भागा, व्यास मिळाला. तेच झाड दरवर्षी त्याच महिन्यात मोजायचं. शेंडा वाळलाय का, खोडाला भोकं पडलीत का, हेही टिपायचं.

पण बारामती-इंदापुरात एवढ्यावर भागत नाही. शिर्सुफळ, कडबनवाडी हे मुळात चिंकारा-लांडग्यांचे गवताळ माळ. तिथे दाट लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांच्या सावलीत गवत मरतं, आणि कागदावर रोपवन मात्र यशस्वी! सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर जेमतेम 5.14 चौ. किमी, तिथल्या चिंकाराला उघडा माळच लागतो.

तेव्हा मंडळी, माळावर वृक्षारोपणाला निघण्याआधी तिथलं गवत बघून या.