स्मारकाचा आराखडा आणि समाजाचे मत



१ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो अनुयायी जमले होते. तेथे भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम चालू होते आणि त्यामुळे स्तूपाला धोका पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांचा क्षोभ पाहून त्याच दिवशी राज्य सरकारला कामास स्थगिती जाहीर करावी लागली. खड्डा खणून झाल्यावर लोकमत कळले, तर पैसा वाया जातो आणि मनेही दुखावतात. म्हणून परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक उभारताना समाजाचे मत आधी कसे घ्यावे, याचा विचार येथे करीत आहोत.

प्रथम आराखडा म्हणजे काय, ते पाहू. वास्तुशिल्पी सहसा तीन प्रकारची चित्रे काढतो. वरून पाहिल्यासारखा नकाशा, समोरून दिसणारे दर्शनी चित्र आणि इमारत उभी कापल्यावर दिसेल तसा छेद. सभागृहात रंगवून लावले जाते ते बहुधा दर्शनी चित्र. ते पाहून आपण टाळ्या वाजवतो. परंतु जमिनीखाली काय होणार, ते फक्त छेदात दिसते. म्हणून तिन्ही चित्रे मागितली पाहिजेत. शक्यतो लहान प्रतिकृती करावी आणि जागेवर फक्की टाकून बांधकामाची हद्द आखून दाखवावी. मग शिक्षण नसलेल्या माणसालाही सारे समजते.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. "आराखडा पसंत आहे का?" या प्रश्नाला सगळे "होय"च म्हणतात. नेमके विचारावे. सांचीचा स्तूप भरीव आहे, तर १८ डिसेंबर २००१ रोजी लोकार्पण झालेला दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, म्हणून आत बसून वंदना करता येते. आपल्याला यांपैकी काय हवे? मुंबईच्या इंदू मिलच्या जागेवरील स्मारकात चौथऱ्यासह ४५० फूट उंचीच्या पुतळ्यास २०२० साली राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पुतळा भव्य असावा असे काहींना वाटते, तर अभ्यासकेंद्राला अधिक महत्त्व द्यावे असे काहींना वाटते. दोन्ही मते श्रद्धेचीच आहेत. ती निविदा काढण्यापूर्वी ऐकली पाहिजेत.

तिसरी गोष्ट, मत कोणाचे घ्यायचे? केवळ छापील अर्ज वाटले तर शिकलेल्यांचीच मते येतात. आम्ही बँकेच्या खिडकीवर रोज पाहतो, पैसे काढण्याची स्लिप ज्याला भरता येत नाही, तो माणूस हिशेबात मात्र चुकत नाही. ६ डिसेंबरला भाकरी बांधून चैत्यभूमीवर येणाऱ्या आयाबायांना सावली, पाणी, संडास आणि मुक्कामाची सोय कुठे हवी, हे कोणत्याही समितीपेक्षा अधिक ठाऊक असते.

या कामी आपल्याला परक्याचे अनुकरण करण्याची गरज नाही. भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती व मतमोजणीचे नियम माहीत होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. विनयपिटकात शलाकेने, म्हणजे काडीने, मत घेण्याच्या तीन रीती दिल्या आहेत. गुप्त, उघड आणि कानात सांगून. शलाका वाटणारा भिक्खू लोभ, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा, अशी अटही आहे.

आपल्या वस्तीतही विहार, पुतळा किंवा वाचनालय उभे राहील. तेव्हा मते नोंदवणारी माणसे अशीच नेमावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मत कानाने ऐकून लिहून घ्यावे आणि सर्वांसमोर वाचून दाखवावे. विरोधी मतही नोंदवावे आणि ते का स्वीकारले नाही, याचे उत्तर द्यावे. इतके झाल्यावरच पहिली कुदळ मारावी.

जयभीम! नमो बुद्धाय!