दुधाची दाढ खोलवर किडली, तर?

‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ असं म्हणत लहान मुलांची किडलेली दाढ अनेक घरांत तशीच राहू दिली जाते. पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडू लागतात हे खरं. पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला त्याच दाढेनं अजून पाच-सहा वर्षं जेवायचं असतं. खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागाही तीच राखून ठेवते.

दुधाच्या दाताचं कठीण आवरण कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे कीड लवकर आत पोचते. ती कुठवर गेली आहे, यावर उपचार ठरतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतात : खाताना ठणकून लगेच थांबतं, की मूल रात्री दुखण्यानं झोपेतून उठतं? मग हिरडीवर फोड आहे का, दाढ हलते का, हे पाहून एक्स-रे काढतात.

कीड खोल आहे, पण नस निरोगी आहे, अशा वेळी सगळी कीड खरवडून काढत नाहीत. नसेलगतचा शेवटचा थर तसाच ठेवून दाढ वरून घट्ट बंद करतात. बाहेरून अन्न मिळेनासं झालं की उरलेले जंतू निष्प्रभ होतात.

कीड नसेत शिरली, पण मुळांतली नस अजून निरोगी असली, तर भूल देऊन फक्त वरच्या भागातली नस काढतात. ओला कापूस दाबून धरल्यावर काही मिनिटांत रक्त थांबलं, तर खालची नस चांगली आहे असं समजतात आणि तिच्यावर औषध बसवून दाढ बंद करतात. याला पल्पॉटॉमी म्हणतात.

रक्त थांबत नसेल किंवा नस मेली असेल, तर मुळांपर्यंत सफाई करावी लागते. त्यानंतर मुळांत भरायची पेस्ट मुद्दाम विरघळणारी निवडतात. कायमचा दात वर येताना दुधाच्या दाताची मुळं विरघळत जातात. त्यांच्याबरोबर ही पेस्टही विरघळायला हवी. मोठ्यांच्या रूट कॅनलमधलं रबरासारखं गटापर्चा विरघळत नाही, म्हणून ते इथे चालत नाही.

नसेचा उपचार झालेली दाढ कमकुवत होते, त्यामुळे तिच्यावर बहुधा स्टीलची तयार कॅप बसवतात. दाढ पडते तेव्हा कॅपही तिच्यासोबत पडते.

दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल, तर काढावीच लागते. तेव्हा ती जागा राखणारा ‘स्पेस मेंटेनर’ लागेल का, हे जरूर विचारा. मोकळ्या जागेत शेजारची दाढ सरकली, की नवा दात वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकतो.

गालावर सूज आणि ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नुसत्या अँटिबायोटिकनं सूज उतरते, पण दाढेतलं मूळ कारण तसंच राहून सूज पुन्हा येते.

पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे दात एकदा दाखवून घ्या. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी वापरा. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच करून द्या. तोवर मुलांचा हात मागच्या दाढांवर नीट फिरत नाही, आणि कीड बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.