पावणेदोन इंचांतली बोटं

भरलेल्या रॅकमधून एकच केबल काढायची म्हणजे किती कष्टाचं काम असतं, ते तंत्रज्ञाच्या बोटांकडे पाहिल्यावर कळतं. नेटवर्क स्विचची उंची बहुधा पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. एवढ्यात वर-खाली दोन ओळींत ४८ पोर्ट. वरच्या ओळीतल्या प्लगची क्लिप सहसा वरच्या अंगाला, खालच्या ओळीतल्याची खालच्या अंगाला, आणि त्याला लागूनच पुढचा स्विच किंवा पॅच पॅनेल. प्लग जेमतेम पावणेबारा मिलिमीटर रुंद, अंगठा त्याहून जाड. मग मधल्या पोर्टची क्लिप दाबायला बोट शिरणार कुठून? टॉर्च तोंडात धरून, शेजारच्या चालू केबल्स एका हाताने बाजूला सारत, तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती क्लिप दाबतो. त्यात शेजारची केबल निसटली की कुठेतरी कॅमेरा किंवा फोन बंद पडतो, कारण आता वीजही त्याच केबलमधून जाते. नोंद मात्र ‘तंत्रज्ञाची चूक’ अशी होते. ही नोंद मला अन्यायाची वाटते.

मुळात हा प्लग ज्या घराण्यातला, त्याचा जन्म टेलिफोनसाठी झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल सिस्टिमने तो रूढ केला. तिथे भिंतीतल्या एका सॉकेटमध्ये एक वायर जायची, आजूबाजूला हात फिरायला भरपूर जागा. आता तसेच ४८ प्लग खेटून बसतात. प्लास्टिकची ती पातळ क्लिप केबल्सच्या जुडग्यातून मागे ओढताना अडकते आणि मोडते. क्लिप मोडलेला प्लग बसल्यासारखा दिसतो, दिवाही लुकलुकतो, पण जरा धक्का लागला की संपर्क तुटतो, आणि दोष शोधण्यात तासन्‌तास जातात. म्हणून क्लिपवर रबरी टोपी आली. तिने क्लिप वाचली, पण प्लग आणखी जाड झाला आणि दाबायला आणखी कठीण. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३६५० आणि ३८५० मालिकांतल्या काही स्विचवर तर पहिल्या पोर्टच्या अगदी डोक्यावर ‘मोड’ बटण होतं. काही केबल्सची ती टोपी बटणावर टेकून ते दाबून धरायची आणि स्विच आपली मांडणी पुसून नव्याने सुरू व्हायचा. २०१३ मध्ये कंपनीनेच ग्राहकांना तशी सूचना काढली. टोपी ठीक, बटण ठीक, पोर्टही ठीक; पण केबल लावलेली असताना तिघांचं कसं जमतं, हे कुणी वेळेवर पाहिलं नव्हतं.

यावर सांगितलं जातं की रॅकमधल्या जागेला भाडं पडतं, तेव्हा पोर्ट दाटीनेच बसणार. भाड्याची गोष्ट खरी आहे. पण केबल्स नीट वळवायच्या तर दोन स्विचच्या मध्ये केबल मॅनेजर बसवावा लागतो, आणि तोही बहुधा पावणेदोन इंचच खातो. वाचवलेली जागा अशी परत द्यावी लागते. शिवाय दाटी म्हणजे अडचणच, असंही नाही. फायबरच्या एलसी कनेक्टरची दाटी बोटांच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा उत्पादकांनी बाहेर येणारी लांब पट्टी दिली. ती ओढली की कनेक्टर सुटतो, बोट गर्दीत घालावंच लागत नाही. उपाय माहीत आहे. तांब्याच्या साध्या पॅच कॉर्डला तो सर्रास मिळत नाही, एवढंच. एकदा जोडलेल्या केबलला पुन्हा कोण हात लावतो, असंही म्हणतात. मोठ्या डेटा सेंटरमध्ये तसं असेलही. पण छोटी कार्यालयं, महाविद्यालयं, इस्पितळं यांत टेबलं हलतात, कॅमेरे वाढतात, आणि स्टोअररूमच्या भिंतीवर टांगलेल्या रॅकपाशी शिडी लावून कुणालातरी वारंवार चढावं लागतं.

खरेदीच्या निविदेत पोर्टची संख्या, वेग, वॅट सगळं असतं. बसवलेली केबल काढता येते का, याबद्दल ओळही नसते. ती घालावी: ४८ पोर्टमध्ये टोपीवाल्या केबल्स भराव्यात, वर-खाली आणखी एकेक स्विच बसवावा, आणि खालच्या ओळीतल्या मधोमधची केबल, बहुतेक स्विचवर २४ नंबरची, शेजारच्या केबल्सना धक्का न लावता नुसत्या हाताने काढायला सांगावी. एकदा हे बसवलं की केबल काढून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि ती काढणारा माणूस विक्रेत्याचा नसावा, रोज शिडीवर चढणारा असावा.