परदेशी जाताना औषधांचा डबा

मुलगा दुबईला नोकरीस आहे. सूनबाईचे दिवस भरत आले आणि गावाकडे आईला बोलावणे आले. तिकीट आले, व्हिसा आला, सामानाची बांधाबांध सुरू झाली. मेतकूट झाले, डिंकाचे लाडू झाले, बाळंतिणीसाठी अळीव घेतले. राहता राहिली आईची औषधे. रक्तदाबाची पांढरी गोळी, साखरेची मोठी गोळी, रात्री पायांची आग होते त्यावरची कॅप्सूल, आणि झोप लागली नाही तर घ्यायची अर्धी गोळी. पाकिटे जागा फार खातात म्हणून घरातला एखादा शहाणा सगळ्या गोळ्या सोडवतो, स्टीलच्या एका डब्यात भरतो आणि तो डबा मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवून देतो.

असे घर तुमच्या गावात नसेल, तर शेजारच्या गावात खास असेल. रत्नागिरी-रायगडकडच्या माणसांना तर आखाताची वाट जुनीच आहे. निघण्यापूर्वी घरातले कुणीतरी शाळेत येऊन म्हणतेच, "गुरुजी, हा इंग्रजी कागद जरा वाचून सांगा." म्हणून आजचे हे बोलणे प्रवाशांइतकेच गुरुजींसाठीही आहे.

त्या डब्यात चुकले काय? गोळ्या खऱ्या, आजार खरा, डॉक्टरही खरे. पण परमुलखातल्या कस्टमच्या अधिकाऱ्याला ह्यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतात त्या रंगीबेरंगी सुट्या गोळ्या, ज्यांवर नाव नाही, गाव नाही. आणि त्याचा कायदा गोळीत कोणते द्रव्य आहे ते पाहतो. ती कुणी आणि कशासाठी आणली, हा प्रश्न मागाहून येतो. कधी कधी फार मागाहून, म्हणजे न्यायालयात.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी लिहून दिलेले, पावती घेऊन विकत आणलेले औषध. त्यात गुन्हा कसला? शंका रास्त आहे. पण औषध आणि अमली पदार्थ ह्या दोन जाती निराळ्या नाहीत. अफूच्या चिकातून मॉर्फिन निघते. कर्करोगाच्या रोग्याला त्याने सुख मिळते आणि त्यानेच निरोगी माणसाचे मातेरे होते. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन त्याच घराण्यातले. म्हणून अशा द्रव्यांच्या ये-जा करण्यावर जगभरच्या देशांनी मिळून १९६१ साली एक करार केला. झोपेच्या आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी १९७१ साली दुसरा केला. आपल्याकडचा १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा ह्याच वाटेने आला. ह्या करारांनी घातली ती किमान बंधने. त्यांहून कडक व्हायची मुभा प्रत्येक देशाला आहे, आणि पुष्कळांनी ती घेतली आहे. म्हणून देशागणिक याद्या वेगळ्या.

ट्रामाडोल नावाच्या दुखण्यावरच्या गोळीचेच पाहा. गुडघे, पाठ, शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे, सगळ्यांवर ती दिली जाते. आपल्या १९८५ च्या कायद्याखाली ती आली २०१८ मध्ये. इतर काही देशांत तिच्यावर करडी नजर त्याआधीपासून होती. २०१७ साली एक ब्रिटिश बाई ह्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरल्या. तिथल्या आपल्या माणसाच्या पाठदुखीसाठी आणल्या, असे त्यांचे म्हणणे. तीन वर्षांची शिक्षा झाली.

आता आईच्या डब्याकडे वळू. अर्धी गोळी बहुधा अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम ह्या जातीची असते. झोपेची गोळी म्हटल्यावर निदान मनात शंका तरी येते. मला जास्त भीती वाटते ती पायांच्या आगीवरच्या कॅप्सूलची. मधुमेहाने नसा दुखावल्या की प्रीगाबालिन हे औषध देतात, पुष्कळदा जीवनसत्त्वाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये. घरात तिला 'ताकदीची गोळी' म्हणतात. तीच प्रीगाबालिन संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरबस्तानात नियंत्रित औषधांत मोडते. ब्रिटननेही एप्रिल २०१९ पासून तिला तसल्याच यादीत घातले. ज्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तिने दुबईच्या विमानतळावर ह्या गोळ्यांबद्दल कोणत्या भाषेत काय सांगावे?

म्हणून गोळ्या पाकिटातून काढूच नका. पाकीट म्हणजे गोळीचा जन्मदाखला. त्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेले नाव असते, आणि बारीक अक्षरांत आतल्या द्रव्याचे. आपल्याला हवे ते बारीक. कंपनीचे नाव मुलूख बदलला की निरुपयोगी. इतकेच काय, द्रव्याचे नावसुद्धा कुठे कुठे बदलते: आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात, आणि दमेकऱ्याचे साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. गुरुजी, पाकिटावर इंग्रजी आर-एक्स ही खूण असते ती तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये, असा तिचा अर्थ. कधी तिच्याआधी तांबड्या रंगात एन हे अक्षर असते. ते दिसले की समजावे, हे औषध आपल्याकडेच १९८५ च्या कायद्याखाली आहे, परदेशात तर विचारायलाच नको. मात्र एन नाही म्हणजे वाट मोकळी, असे मुळीच समजू नये. प्रीगाबालिनवर ते नसते. जपानात स्यूडोएफेड्रिन हे सर्दीच्या काही औषधांत असणारे द्रव्य शेकडा दहाहून अधिक असेल, तर ते औषध आणायलाच बंदी आहे. आपल्याला ती साधी सर्दीची गोळी वाटते.

पाकिटाखालोखाल चिठ्ठी. आपल्याकडची चिठ्ठी म्हणजे औषधवाल्यालाच लागणारी लिपी. ती परदेशात चालत नाही. डॉक्टरांना विनंती करून त्यांच्या छापील कागदावर, इंग्रजीत, शक्यतो टंकलिखित पत्र घ्यावे. त्यात रोग्याचे नाव, आजार, प्रत्येक औषधातील द्रव्य, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवसांसाठी. खाली सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. आणि नाव पासपोर्टावर जसे आहे अगदी तसे. दवाखान्यात वर्षानुवर्षे नुसते 'आक्का' लिहिलेले असते, पासपोर्टावर तीन शब्दांचे नाव. त्या दोघी एकच आहेत हे परक्या माणसाला कसे कळावे? औषधविक्रेत्याची पावतीही जवळ असावी.

पण नियंत्रित औषधाला नुसती चिठ्ठी पुरत नाही. त्या देशाची आगाऊ परवानगी लागते. अमिरातीत ती निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरून काढायची असते. इथे चिरंजीवांनी दुबईत बसून आईसाठी अर्ध्या तासाचे काम करावे. आईला ते जमायचे नाही. हज किंवा उमऱ्याला निघालेल्यांनी सौदी अरबस्तानासाठी हीच चौकशी करावी, कारण ह्या यात्रेला वयस्कर माणसे जातात आणि गुडघेदुखीची औषधे त्यांच्याजवळ असतातच. सिंगापुरातही कोडीन-डायझेपामसारख्यांना पूर्वपरवानगी लागते. कोणत्या देशाचा नियम काय, ह्याची माहिती व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ प्रवाशांसाठी देते. त्या त्या देशाच्या वकिलातीकडूनही ती मिळते. तिकीट काढणाऱ्या एजंटाच्या 'काही होत नाही हो'वर विसंबू नये. अडकतो तो प्रवासी, एजंट नव्हे.

साध्या औषधांनाही मोजमाप आहे. अमेरिकेत साधारणपणे नव्वद दिवसांपुरती, जपानात चिठ्ठीची औषधे एक महिन्यापुरती. जास्त हवी तर जपानचा दाखला आधी काढावा लागतो. 'तिकडे महाग असतात, वर्षाची घेऊन जा' हा आपला संसारी हिशेब, पण तिकडच्या अधिकाऱ्याला त्यात व्यापाराचा वास येतो.

औषधे हातातल्या पिशवीत घ्यावीत. मोठी बॅग चुकली तर औषधही चुकते. इन्शुलिन तर विमानाच्या पोटात कधीच देऊ नये. तिथे ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळले तरी वापरू नये. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेऊ देत नाहीत, पण प्रवासात लागणाऱ्या औषधाला सवलत असते. तपासनिसाला आपण होऊन ते दाखवावे. सुयांसाठीही तेच पत्र उपयोगी पडते.

घरगुती पुड्यांचे काय? वैद्यबुवांची चूर्णे, भस्मे कागदात बांधून नेणे सोडा. नाव नसलेली भुकटी कोणत्याच देशात कुणाला आवडत नाही. काही आयुर्वेदिक औषधांत भांग असते. आपला कायदा भांगेच्या पानाकडे काणाडोळा करतो, आखातातला करीत नाही.

आणि शेजारधर्म! "आमच्या बाळूला एवढे औषध द्या हो, खोकला जात नाही त्याचा." नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही नाहीच म्हणायचे. औषध बाळूचे, चिठ्ठी बाळूच्या नावाची, आणि पिशवी तुमच्या हातात. ह्यातून सुटका करणारा कागदच नसतो.

परवानगी वेळेत आली नाही तर? तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे, त्याऐवजी तिकडे चालेल असे दुसरे औषध आहे का ते विचारावे. घाबरून स्वतःच गोळी बंद मात्र करू नये. प्रीगाबालिन किंवा अल्प्राझोलाम रोज घेणाऱ्याने एकाएकी सोडले तर त्रास होतो, क्वचित झटकेही येतात. ती हळूहळू कमी करावी लागतात. ह्याला दिवस लागतात. म्हणून ही चौकशी व्हिसाबरोबरच सुरू करावी, बॅग भरताना नव्हे.

जाता जाता फराळाच्या डब्यातही डोकावावे लागेल. अनारशाला लावलेली खसखस अफूच्याच बोंडातली. अमिरातीत आणि सिंगापुरात ती आणायला मनाई आहे. तेव्हा मुलाला अनारसे फारच आवडत असतील तर पीठ न्यावे, आणि तिकडे तळताना खसखशीच्या जागी तीळ लावावेत.