भारुडातला पांगळा आणि नाट्यगृहाची पायरी

पैठणच्या नाथांच्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, बहिरा येतो, मुकाही येतो. एकनाथांनी (१५३३–१५९९) ही सोंगं रूपक म्हणून रचली. डोळे असून सत्य न पाहणारा तो आंधळा आणि पाय असून संतांच्या दारी न जाणारा तो पांगळा. सोळाव्या शतकापासून मराठवाड्याच्या गावोगावी ही सोंगं नाचतात. धडधाकट सोंगाड्या डोळे मिटतो, गुडघे दुमडतो, घसा कोंडतो. समोरचे लोक हसतात आणि मग अर्थ उमगला की गप्प होतात.

मला मात्र गेली काही वर्षं वेगळाच प्रश्न छळतोय. त्या सोंगाच्या वेळी गावातला खरा पांगळा कुठे बसलेला असायचा?

याचं उत्तर निदान जुन्या काळापुरतं तरी फारसं वाईट नसावं. भारूड व्हायचं देवळापुढच्या पटांगणात. जमीन सपाट, तिकीट नाही, दार नाही. सरकत आला, कुणाच्या पाठुंगळी आला, तरी तो त्या गर्दीतलाच एक असे. तमाशाच्या कनातीतही तेच. जमिनीवर बसायचं, म्हणजे सगळेच एका उंचीचे. अडचण सुरू झाली ती नाटक पटांगणातून उठून जोत्यावर गेलं तेव्हा. छत्रपती संभाजीनगर शहरातल्या नाट्यगृहाला आपण अभिमानाने ‘संत एकनाथ रंगमंदिर’ असं नाव दिलं. ज्याने आंधळ्या-पांगळ्यांना रंगपीठावर आणलं त्याचं नाव रंगमंदिराला असावं, यासारखी उचित गोष्ट नाही. पण महाराष्ट्रातली नाट्यगृहं, सभागृहं आणि सांस्कृतिक भवनं बांधणाऱ्यांनी नाथांचा हा धडा कितपत घेतला, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

फुलंब्रीपासून सुरुवात करू. अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. व्यावसायिक नाटक पाहायचं तर शहर गाठायचं. चालता येणाऱ्याला हे अंतर तासाभराचं. कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला ते किती, हे किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही. बसची पहिली पायरी गुडघ्याला येते आणि चाकाची खुर्ची चढवायची तर ती घडी घालून, माणूस वेगळा आणि खुर्ची वेगळी अशी. नाटक रात्री संपतं, तेव्हा परतीचं काय, हा प्रश्न निराळाच. म्हणजे आपला प्रेक्षक नाट्यगृहाच्या पायरीशी पोचेपर्यंतच अर्धा दमलेला असतो.

माझ्या मामांना लहानपणीच पोलिओ झाला. पायात कॅलिपर, काखेत कुबडी, लांबच्या पल्ल्याला चाकाची खुर्ची. नाटकाचं विलक्षण वेड. एकदा दुसऱ्या एका जिल्ह्याच्या गावी त्यांना नाटकाला घेऊन गेलो. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही, कारण नावं अनेक निघतील. बाहेर सात-आठ पायऱ्या. दोघा-तिघांनी पुढे होऊन खुर्चीसकट मामांना उचललं. मनाने चांगली पोरं होती, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. आत खुर्ची कुठे ठेवायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मधल्या वाटेत ठेवली, तर बॅटरीवाला म्हणाला, वाट अडते. मग कडेच्या भिंतीशी, जिथून अर्धा रंगमंच विंगेच्या कापडामागे जात होता. मामांनी दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं. का, ते मला मध्यंतरात कळलं. स्वच्छतागृहाचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाणंच शक्य नव्हतं. दुसऱ्या अंकाआधी आम्ही निघालो. गाडीत मामा म्हणाले, “अरे, नाटकापेक्षा लोकं मलाच जास्त पाहू लागले.” त्यानंतर ते नाटकाला गेले नाहीत. आकाशवाणीवरची नाटकं ऐकत राहिले.

आता ती पायरी मोजू. एक पायरी साधारण १५० मिलिमीटर उंच. सहा पायऱ्या म्हणजे ९०० मिलिमीटर, तीन फूट. मानक सांगतं की उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फुटांचा रॅम्प लागतो, शिवाय वर-खाली आणि लांब असेल तर मध्येही सपाट थांबा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. आपल्याकडे काय होतं? इमारत उभी राहते, उद्घाटनाची तारीख ठरते आणि कुणीतरी आठवण करतं की ‘अपंगांसाठी’ काहीतरी हवं. मग उरलेल्या आठ फुटांत तीन फूट चढवतात. त्याला रॅम्प म्हणणं म्हणजे घसरगुंडीला जिना म्हणणं. वर फरशी गुळगुळीत, आणि खाली मोटारसायकली लावलेल्या.

इथे लहान गावाला एक मोठी सोय आहे, जी कुणाच्या लक्षात येत नाही. महानगरातलं नाट्यगृह तळघर, वाहनतळ आणि बाल्कनीच्या बोज्याखाली दबलेलं असतं. तिथे लिफ्ट नसेल तर सगळंच अडतं. तालुक्याच्या गावातलं सभागृह एकमजली असतं. त्याचं जोतं फूटभर ठेवलं तर बारा फुटांचा रॅम्प पुरतो आणि तो प्रत्येकाच्या उपयोगी पडतो. लेझीमच्या पेट्या, हार्मोनियम, नेपथ्याच्या फ्लॅट्स, बाळाची गाडी, गुडघे दुखणारी आजी, सगळे त्याच वाटेने जातात. पण जोतं उंच म्हणजे इमारतीला रुबाब, ही समजूत आपल्या ठेकेदारांपासून पुढाऱ्यांपर्यंत पक्की. चार पायऱ्या जास्त बांधायला आपण जास्तीचे पैसे देतो आणि मग त्या पायऱ्यांवर उपाय शोधायला आणखी पैसे मागतो.

कायदा या बाबतीत मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांऐवजी त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आली. कलम ४४ म्हणतं, सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ म्हणतं, जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुधारा. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. कलम २९ तर थेट संस्कृतीबद्दल बोलतं: कला दिव्यांगांना सुलभ करा, दिव्यांग कलावंतांना आधार द्या. उल्लंघनाला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० हजार ते ५ लाख. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाच्या स्वतंत्र तरतुदी आहेत. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला.

मग घोडं अडलं कुठे? दृष्टिबाधित असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक जागा सुगम्य करण्याबाबत सविस्तर निर्देश दिले. पुढे फारसं हललं नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने जे सांगितलं ते मुळावर बोट ठेवणारं होतं. कायदा ‘करावेच लागेल’ म्हणतो, पण त्याखालच्या नियमातले निकष हे नुसत्या शिफारशींसारखे आहेत. असा नियम कायद्याशी विसंगत ठरतो. किमान निकष सक्तीचे करा आणि तीन महिन्यांत करा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं. एका माणसाच्या याचिकेला एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्यात एक पिढी बालनाट्यातून थेट व्यावसायिक रंगभूमीवर पोचते.

नाटकवाल्या मंडळींशी हा विषय काढला की एक वाक्य हमखास येतं: “पण असे प्रेक्षक येतातच कुठे?” २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. ते येत नाहीत हे खरं. विहिरीला पायऱ्या नाहीत म्हणून कुणी उतरत नाही, आणि कुणी उतरत नाही म्हणून पायऱ्या कशाला, असा हा युक्तिवाद आहे. इथे फक्त पायऱ्यांऐवजी उतार हवा, एवढाच फरक.

रॅम्पबद्दल इतकं बोलल्यावर आत जाऊ. चाकाच्या खुर्चीला बसायला ९०० बाय १२०० मिलिमीटर जागा लागते. नाट्यगृहातल्या दोन खुर्च्यांचे बोल्ट काढले की काम बरंच झालं. पण कुठल्या दोन? पहिल्या रांगेच्या टोकाला नको, मान मोडते. शेवटच्या रांगेमागे नको, पुढचा उठला की नाटक गेलं. आणि शेजारी सोबतीची खुर्ची हवी. नवरा एका कोपऱ्यात, बायको दुसऱ्या रांगेत, असं नाटक कुणाला पाहायचंय? दाराला ९०० मिलिमीटरची मोकळी रुंदी, स्वच्छतागृहात खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ, भिंतीला धरायची दांडी. यात यंत्र कुठलंच नाही. गवंडी आणि सुतार पुरतात. फक्त ते स्वच्छतागृह नंतर झाडू आणि जुने फलक ठेवायची खोली होऊ देऊ नका.

पाहणं आणि ऐकणं हा याहून गमतीचा भाग आहे. अंध प्रेक्षकाच्या कानात, संवादांच्या फटीत, रंगमंचावर काय घडतंय ते कुणीतरी हलक्या आवाजात सांगायचं, ही पद्धत नाटकात पद्धतशीरपणे सुरू झाली ती १९८१ मध्ये, वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर. इंग्लंडमध्ये तिचा आरंभ कुठल्या झगमगत्या नाट्यगृहात झाला नाही. तो झाला १९८०च्या दशकात नॉटिंगहॅमशायरमधल्या ॲव्हरम या खेड्यातल्या रॉबिन हूड नावाच्या छोट्याशा नाट्यगृहात. लंडन मागाहून आलं. फुलंब्रीकरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे या कामाचा माणूस आयता आहे: प्रॉम्प्टर. संहितेची वही मांडीवर घेऊन विंगेत बसलेला, प्रत्येक विराम ठाऊक असलेला हा माणूस. नटांची पाठांतरं पक्की झाली की त्याला काम उरत नाही. त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवा. तो एकेक संवाद पुढे ढकलेल आणि रंगमंचाच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर अक्षरं उमटतील. ऐकू न येणाऱ्याला नाटक वाचता येईल. सिनेमासाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये श्रवण आणि दृष्टिबाधित प्रेक्षकांकरता मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीवर येण्यापूर्वी ध्वनिवर्णन आणि उपशीर्षकं तयार करायला सांगितलं होतं. शाहरुख खानला जमतं ते हौशी नाट्यमंडळाला जमू नये, हे मला पटत नाही. उलट आपलं काम सोपं आहे.

आणि रंगमंचावरचं काय? स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ बसवलं. त्यांनीच २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. अंध नट रंगमंचाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून पाठ करतो आणि मग डोळसाइतक्याच सहजपणे वावरतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ‘सहानुभूती’ हा शब्द तिथे किती तोकडा पडतो ते कळतं. सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धा घेतं. उपक्रम उत्तम. पण रंगमंचावर जाणारी वाट बहुतेक ठिकाणी विंगेतल्या अंधाऱ्या चार पायऱ्यांची असते आणि रंगपटाचं दार तिच्याहून अरुंद. पोरगं अभिनयाचं बक्षीस घ्यायला येतं आणि त्याला उचलून वर ठेवतात. टाळ्या वाजतात. त्या टाळ्या नेमक्या कशासाठी, याचा विचार वाजवणाऱ्यांनी करावा.

पैशाचं रडगाणं लहान गावात लवकर सुरू होतं, म्हणून हेही सांगतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामपंचायतीलाही ते लागू, नगरपंचायतीलाही. हा पैसा वर्षाच्या शेवटी घाईघाईने वाटण्याऐवजी, गावात जिथे कार्यक्रम होतात त्या एका सभागृहाची वाट, दोन खुर्च्यांची जागा आणि एक स्वच्छतागृह यासाठी मागावा. मागणी लेखी करावी. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचा पत्ता शोधावा.

दिवाळी झाली की फुलंब्री तालुक्यातल्या शाळांत स्नेहसंमेलनांची तयारी सुरू होईल. मैदानात मंडप पडेल, दोन फुटांचं स्टेज लागेल. मंडपवाल्याला आधीच सांगा: एका बाजूने पायऱ्या कर, दुसऱ्या बाजूने उतार. दोन फुटांना चोवीस फूट लांबी लागते आणि कडेला बांबूचा कठडा. आठ बाय चारच्या प्लायच्या तीन फळ्या एकापुढे एक ठेवल्या की बरोबर चोवीस फूट होतात.